ताईंचा जखऱ्या

बसस्थानकाच्या पहिल्या मजल्यावर, चौकशीच्या खिडकीच्या बरोबर डोक्यावर, एक काचेची खोली होती. खोली कसली, कपाटच ते. टेबल, खुर्ची, पंखा आणि मायक्रोफोन एवढं मावलं की आत माणसाला वळायला जागा उरत नसे. त्या कपाटात ताईंची सगळी नोकरी गेली. कोणती गाडी कोणत्या फलाटाला लागली, कोणती रखडली, कोणाचं लेकरू चुकून चौकशीपाशी रडत बसलंय, हे त्या भल्यामोठ्या आवारात ताईंच्या तोंडून कळायचं. त्यांना ताई म्हणायला पहिल्यांदा कोणी सुरुवात केली देव जाणे, पण झाडूवाल्या मावशींपासून थेट स्थानकप्रमुखांपर्यंत सगळे ताईच म्हणत. स्थानकप्रमुख तर त्यांच्याहून चांगले दहा वर्षांनी मोठे होते.

आवाज खणखणीत होता, पण कानाला टोचत नसे. ‘फलाट क्रमांक सात’ म्हणताना त्या ‘सात’वर असा काही हलकासा भार देत की बाकावर पेंगणारा माणूसही पिशवी उचलून सातकडे चालू लागे. खाली वर्कशॉपमध्ये एक तरुण मिस्त्री गाडीखाली उताणा पडून तो आवाज ऐकत असे. ऐकता ऐकता एकदा त्याने भलताच नट आवळला आणि वरिष्ठांच्या शिव्या खाल्ल्या. मग एके दिवशी धीर करून, पंखा दुरुस्त करायच्या निमित्ताने तो काचेच्या खोलीत गेला. त्याला गिअरबॉक्समधलं सगळं कळे, पंख्यातलं काही कळत नसे. पंखा चालू होता तोही बंद पडला. ताई हसल्या, आणि चुकून मायक्रोफोनचं बटण चालू राहिल्यामुळे ते हसू सगळ्या फलाटांवर ऐकू गेलं. पुढल्या वर्षी दोघांचं लग्न झालं तेव्हा निम्मं बसस्थानक चर्चमध्ये लोटलं होतं.

हा आवाज आला होता वडिलांकडून. वडील चर्चच्या कॉयरचे, म्हणजे गायकवृंदाचे, मास्तर. घरात मूल रडलं तरी ते आधी सूर कोणता लागलाय ते बघत, असं आई म्हणायची. धाकटी लेक जरा मोठ्यानेच बोलायची, म्हणून त्यांनी तिचं नाव ‘भोंगा’ ठेवलं होतं. नाताळच्या उपासनेत ख्रिस्तजन्माचा उतारा वाचायचा मान तिला पहिल्यांदा मिळाला तेव्हा ती इतकी बुटकी होती की व्याख्यानपीठामागे पाट ठेवून तिला उभं केलं होतं. महिनाभर वडिलांनी तिच्याकडून तालीम करून घेतली. स्वतः चर्चच्या पार दाराशी जाऊन उभे राहायचे आणि तिथून हात हलवायचे. शेवटच्या बाकावरच्या म्हाताऱ्याला ऐकू आलं पाहिजे, पण पहिल्या बाकावरचं बाळ दचकता कामा नये, एवढीच त्यांची शिकवण. त्या थंड, रिकाम्या चर्चमधला मेणाचा आणि जुन्या लाकडाचा वास, खिडकीतून तिरपं येणारं दुपारचं ऊन आणि लांब दाराशी उभी असलेली वडिलांची काळी आकृती ताईंच्या मनात जन्मभर तशीच्या तशी राहिली. नाताळ म्हटलं की त्यांना आधी ती दुपार आठवायची, आणि चांदण्या, केक, नवे कपडे त्यानंतर.

वडील गेल्यावरही उतारा ताईच वाचत राहिल्या. शिवाय संडे स्कूलच्या मुलांचं नाताळचं नाटक बसवायचं कामही त्यांच्याच गळ्यात पडलं. किती मेंढपाळ त्यांनी घडवले आणि किती देवदूतांचे पंख पिना लावून सरळ केले, त्याला गणती नाही. आताचे पाळकसाहेब, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, लहानपणी ताईंच्याच नाटकात मेंढरू झाले होते, आणि ऐन प्रवेशात झोपी गेले होते. हा किस्सा ताई अधूनमधून सांगत. पाळकसाहेबही मुकाट्याने ऐकून घेत.

नाताळच्या आदल्या संध्याकाळी स्थानकावर तोबा गर्दी असे. जो तो घरी निघालेला, हातात खोकी, खोक्यांना रंगीत दोऱ्या. त्या दिवशी शेवटच्या घोषणेनंतर ताई हळूच एक वाक्य स्वतःच्या पदरचं जोडत: सगळ्यांना नाताळच्या शुभेच्छा, सुखरूप पोचा. नियमात ते बसत नव्हतं. पण तेवढ्यापुरते स्थानकप्रमुख कान कोरत बसलेले असत.

निवृत्तीला थोडे दिवस उरले असताना आवाज बसला. आधी वाटलं थंडी बाधली. वाफ झाली, गुळण्या झाल्या, मिस्त्रींनी घरात बोलायलाच बंदी घातली. महिना उलटला तरी घोगरेपणा जाईना, तेव्हा मोठ्या हॉस्पिटलात गेले. डॉक्टर बाई तरुण होत्या, पण घाईत नव्हत्या. गाठ आहे, वाईट आहे, ऑपरेशन करावं लागेल, असं त्यांनी शांतपणे सांगितलं. ताईंनी विचारलं, किती दिवस बोलता येणार नाही? डॉक्टर बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं.

“ताई, स्वरयंत्रच काढावं लागणार आहे.”

दोघं घरी निघाले. बसमध्ये मिस्त्रींनी त्यांचा हात हातात घेतला होता, तो उतरेपर्यंत सोडला नाही. बाहेर चारचौघात असं काही करणारा तो माणूस नव्हता.

ऑपरेशनच्या सकाळी मिस्त्रींच्या मनात होतं की आता ती जे बोलेल ते आपण काळजावर कोरून ठेवायचं. स्ट्रेचर दारापाशी आलं. ताईंनी मान वळवली आणि म्हणाल्या, “अहो, निघताना गॅसचं बटण बंद केलंत ना?” मिस्त्री हो म्हणाले, आणि स्ट्रेचर आत गेलं. पुढे कितीतरी दिवस ते हे लोकांना सांगताना हसायचे, आणि हसता हसता मध्येच उठून पाणी प्यायला जायचे.

ऑपरेशननंतर ताईंच्या गळ्यावर एक भोक राहिलं. श्वास तिथूनच घ्यायचा. त्यावर पातळ जाळी आणि वरून रुमाल. वास येईनासा झाला. चहाचा नाही, साबणाचा नाही, मिस्त्रींच्या कपड्यांना येणाऱ्या ग्रीसचा नाही. बोलायला एक पाटी आणली. हॉस्पिटलातून एक छोटं यंत्रही मिळालं होतं, टॉर्चएवढं. ते गळ्याला लावून ओठ हलवले की आवाज निघे. ताईंनी ते एकदाच लावून पाहिलं. डब्यात कोंडलेल्या भुंग्यासारखा तो एकसुरी आवाज ऐकला आणि यंत्र कपाटात टॉवेलांच्या मागे टाकून दिलं. मिस्त्रींनी पुन्हा विषय काढला तेव्हा पाटीवर लिहिलं, ‘त्यापेक्षा मुकी बरी.’ खडू इतका दाबला की तुटला.

एकदा मिस्त्रींबरोबर बसने जाताना त्यांना स्थानकावर उतरावं लागलं. काचेच्या खोलीत कोणीच नव्हतं, टेबलावर खोकी रचलेली होती. घोषणा आता टेप केलेल्या होत्या. कोणी अनोळखी बाई गावांची नावं चुकीच्या जागी तोडून म्हणत होती. ताई तिथे जरा वेळ उभ्या राहिल्या. मग लोकांनी ओळखून चौकशी करायला सुरुवात केली, आणि त्यांना उत्तर देता येईना, तशा त्या मिस्त्रींची बाही ओढत बाहेर आल्या.

चर्चमध्ये जाणंही हळूहळू सुटलं. सगळे गायला उभे राहिले की आपण उभं राहून करायचं काय, हा प्रश्न त्यांना पडे. देवावर रुसल्या होत्या असंही नाही. फक्त दोघांमध्ये अबोला होता, आणि तो आपण धरलेला नाही असं ताईंचं म्हणणं होतं.

नाताळ तोंडावर आला आणि त्याच सुमारास तपासणीत फुप्फुसांवर डाग दिसले. डॉक्टर बाईंनी या वेळीही काही लपवलं नाही. औषधं आहेत, ती घ्यायची, त्यांनी वेळ मिळेल, बऱ्यापैकी वेळही मिळेल. पण हे मुळासकट जाणार नाही. ताईंनी पाटीवर लिहिलं, ‘समजलं. आभार.’ घरी येऊन त्या खिडकीपाशी बसल्या. समोरच्या इमारतीत कोणीतरी दिव्यांची माळ लावत होतं, आणि ती मधूनच विझत होती. मिस्त्री स्वयंपाकघरात उगाचच भांडी लावत बसले.

दोन-चार दिवसांनी पाळकसाहेब आले. ताईंना वाटलं, आता हे धीर देणार, मग प्रार्थना करणार, मग चहा. पण त्यांनी टोपी गुडघ्यावर ठेवली आणि स्वतःचंच रडगाणं सुरू केलं. यंदा नाटक बसवायला कोणी नाही, मुलं ऐकत नाहीत, गोष्ट जखऱ्यापासून सुरू करायची ठरवलीय आणि जखऱ्या व्हायला कोणी तयार नाही. जखऱ्या म्हणजे देवळातला तो म्हातारा याजक. म्हातारपणी तुला मुलगा होईल, असं देवदूताने सांगितलं, याचा विश्वास बसला नाही, आणि मूल जन्माला येईपर्यंत त्याची वाचा गेली. मोठ्या माणसाचं काम, दाढी लावायची आणि तोंडातून चकार शब्द काढायचा नाही. सगळ्यांना संवाद हवेत.

ताईंनी त्यांच्याकडे रोखून पाहिलं. मग पाटी घेतली. ‘मुकी मिळाली म्हणून?’

पाळकसाहेबांचे कान लाल झाले. “हो,” ते म्हणाले. “म्हणूनच आलो. आणि दुसरं कोणी मला रागावत नाही, म्हणूनही.”

ताईंचे खांदे हलले. आता त्यांचं हसू तसंच असायचं, नुसते खांदे हलायचे. पण मग पाटी पुसून त्यांनी लिहिलं, आणि या वेळी सावकाश लिहिलं. ‘शेवटी त्याला बोलता आलं. मला नाही येणार. डागांचं कळलं असेलच.’

 स्वयंपाकघरातला मिस्त्रींच्या भांड्यांचा आवाज थांबला.

“ते मी बदलू शकत नाही ताई, आणि तुम्हाला खोटं सांगायची माझी छाती नाही,” ते म्हणाले. “मला एवढंच दिसतं, की तो मुका होता तेव्हा देवाचं काम थांबलं नव्हतं. घरात बाळ वाढतच होतं. त्याला त्यासाठी काही बोलावं लागलं नाही.”

एवढं बोलून ते उठले. प्रार्थना केली ती दोन ओळींची. ते गेल्यावर ताईंनी कपाट उघडलं आणि मिस्त्रींचा जुना तपकिरी गाऊन काढून अंगाला लावून पाहिला. मिस्त्रींनी विचारलं, काय चाललंय? त्यांनी पाटीवर लिहिलं, ‘दाढी आणा.’

तालमी चर्चच्या मागच्या खोलीत दुपारी होत. खुर्च्या भिंतीला लावलेल्या, एका कोपऱ्यात पुठ्ठ्याचा गोठा, रंग अजून ओला. आवाजाशिवाय मुलांना वळण लावायचं म्हणजे नाकी नऊ आले. पण ताईंनी शिट्टी आणली, आणि भुवयांनी रागवायला शिकल्या. मुलांना आठवड्याभरात त्या भुवया पाठ झाल्या.

बाळ येशू म्हणून नाटकाचे कपडे शिवणाऱ्या शिंपिणीचं तान्हं पोर ठरलं होतं. एका दुपारी शिंपीण देवदूतांचे झगे बेतत होती आणि पोराने भोकाड पसरलं. जवळ दुसरं कोणी नव्हतं, म्हणून ताईंनी त्याला उचललं. सवयीने ओठ उघडले, अंगाई म्हणायला. काही आलं नाही. गळ्यातून नुसता वारा गेला, रुमाल जरासा फडफडला. पोर रडता रडता थांबलं. त्या रुमालाकडे टक लावून बघू लागलं, मग मूठ पुढे करून त्याने तो धरला. ताई त्याला घेऊन तशाच उभ्या राहिल्या. खोलीत ऊन तिरपं आलं होतं.

आणि त्या पोराचं तोंड बघता बघता त्यांना एक गोष्ट उमगली. ती त्यांनी इतकी वर्षं मोठमोठ्याने वाचली होती, पण ऐकली नव्हती. देव स्वतः आला, ज्याच्या एका शब्दाने सगळं झालं असं आपण म्हणतो तो, आणि आला तो असा. एक शब्द बोलता येत नव्हता त्याला. भूक लागली तर रडायचं, बाकी काही नाही. त्यालाही एवढासा गळा होता, आणि त्या गळ्याला पुढे क्रुसावर तहान लागली, तो दुखलाही. आपण ज्या मुकेपणात एकट्या बसलोय असं समजत होतो, तिथे तो आपल्या आधी येऊन गेला होता. ताईंनी पोराला छातीशी धरलं. शिंपिणीने वर पाहिलं तर ताईंचे डोळे वाहत होते आणि चेहरा मात्र कितीतरी महिन्यांनी सैल पडला होता. घरी जाऊन त्यांनी हे सगळं मिस्त्रींना पाटीवर लिहून सांगितलं. पाटी तीनदा पुसावी लागली. मिस्त्री धर्माच्या गोष्टींवर फारसं बोलणारे नव्हते. सगळं वाचून ते म्हणाले, “म्हणजे अबोला नव्हता तर.” ताईंनी मान डोलावली.

नाताळच्या आदल्या संध्याकाळी चर्च भरून गेलं. बसस्थानकावरचेही बरेच जण आले होते. निवृत्त स्थानकप्रमुख काठी टेकत पहिल्या बाकावर येऊन बसले. मागे अस्वस्थ कुजबुज होती. ताईंना असं दाढी लावून उभं करणं काहींना पटलं नव्हतं.

जखऱ्या आला. देवदूत झालेली मुलगी आपला संवाद विसरली, तर जखऱ्याने भुवई उंचावून तिला त्याची आठवण करून दिली. म्हाताऱ्याची वाचा गेली, तो बाहेर येऊन लोकांना हातवारे करून सांगू लागला, तेव्हा ताईंनी असे काही हात केले की पोट धरून हसावं. लोक आधी बिचकले, मग हसलेच. मग जखऱ्याच्या घरी बाळ जन्मलं, नाव काय ठेवायचं यावर नातलगांचं भांडण झालं, आणि जखऱ्याने पाटी मागितली. ती रंगवलेली पुठ्ठ्याची पाटी नव्हती, ताईंची रोजचीच होती. त्यावर त्यांनी देवदूताने सांगितलेलं ‘योहान’ हे नाव मोठ्या अक्षरांत लिहिलं आणि ती वर धरली.

इथे त्याची वाचा परत येते. ठरलं असं होतं की या ठिकाणी कॉयरने गीत सुरू करायचं आणि वेळ निभावून न्यायची. पेटीवाल्याने भाताही दाबला होता. पण ताईंनी हात वर करून त्याला थांबवलं. गाऊनच्या खिशातून ते यंत्र काढलं, रुमाल बाजूला केला आणि ते गळ्याला लावलं.  मिस्त्रींनी समोरच्या बाकाची कड घट्ट धरली. त्यांना यातलं काही माहीत नव्हतं.

“देवाची स्तुती असो,” ताई म्हणाल्या.

डब्यातल्या भुंग्याचा तो आवाज भिंतींवर आपटून परत आला. मेंढपाळांमधला सगळ्यात लहान मोठ्याने म्हणाला, “रोबो.” त्याच्या आईने त्याच्या तोंडावर हात ठेवला. कुणाला कुठे बघावं कळेना. तेवढ्यात सगळ्यांना दिसलं की जखऱ्याचे खांदे गदगदा हलताहेत, दाढी एका बाजूने सुटलीय. ताई हसत होत्या. मग सगळं चर्च हसलं. निवृत्त स्थानकप्रमुख डोळे पुसत हसले. हसू ओसरल्यावर ताईंनी यंत्र पुन्हा लावलं आणि शेवटच्या बाकाकडे बघत म्हणाल्या, “त्याने आपल्या लोकांची भेट घेतली आहे. माझी पण घेतली.”

हे शेवटचं वाक्य नाटकात नव्हतं. पेटीवाल्याने गीत सुरू केलं, लोक उभे राहिले. ताईही उभ्या राहिल्या, आणि सगळ्यांबरोबर ओठ हलवत राहिल्या.

त्यानंतर यंत्र कपाटात गेलं नाही. बाजारात, हॉस्पिटलात, फोनवरही ताई त्यानेच बोलत. फोन उचलणारे घाबरत, ताईंना त्याची गंमत वाटे. हॉस्पिटलात औषध चढवायच्या खोलीत त्या शेजारच्या खुर्चीवरच्या बायांशी गप्पा मारत. ज्यांना रडायचं असे त्यांना रडू देत, उगाच धीर देत नसत. कोणी विचारलंच तर आपल्याला काय वाटतं ते सांगत, की मी बरी होईनच असं मला कोणी सांगितलेलं नाही, पण मी कोणाच्या हातात आहे ते मला माहीत आहे. डॉक्टर बाई म्हणाल्या होत्या त्याप्रमाणे वेळ मिळाला. पुढच्या वर्षीचं नाटकही त्यांनीच बसवलं.

त्याच्या पुढच्या नाताळला मात्र त्या घरीच होत्या. पलंग खिडकीपाशी सरकवला होता, उशाशी प्राणवायूची टाकी. सकाळची उपासना संपवून चर्चमधली माणसं भेटायला येणार असा निरोप आला होता. मिस्त्रींनी खुर्च्या शेजाऱ्यांकडून आणल्या, कप धुऊन पालथे घातले. मग ते पलंगाच्या कडेला बसले. पुष्कळ दिवसांपासून एक गोष्ट विचारायची राहिली होती, ती त्यांनी खाली बघतच विचारली.

“अगं, भीती वाटते का तुला?”

ताईंनी उशीजवळचं यंत्र चाचपलं, गळ्याला लावलं. हाताला ते पेलवत नव्हतं, म्हणून मिस्त्रींनी तो खालून धरला.

“रात्री वाटते,” त्या म्हणाल्या. “आत्ता सकाळ आहे.”

जिन्यात पावलं वाजू लागली. कोणीतरी आधीच गुणगुणायला लागलं होतं आणि दुसरं कोणी त्याला दबक्या आवाजात दटावत होतं. ताईंनी यंत्र खाली ठेवलं आणि डोक्यावरून हात फिरवून दाखवला. मिस्त्री उठले, आरशाखालचा कंगवा घेऊन आले आणि दार उघडायच्या आधी त्यांनी ताईंचे केस नीट विंचरून दिले.